पाइन पॉइंट, विनंती थांबा

दिनांक १२ जानेवारी २०२५, वार रविवार. मौजे तळदरा, तालुका कळंब, जिल्हा धाराशिव. गावच्या गायरानावरील सुरूच्या बनात मी स्वखर्चाने लावलेली पत्र्याची पाटी कोणीतरी उलटी केल्याचे सकाळी माझ्या निदर्शनास आले. पाटीच्या दर्शनी बाजूस मी झाडाचे मराठी नाव, शास्त्रीय नाव आणि कुळ सुवाच्य अक्षरांत लिहिले होते. ती बाजू आता बुंध्याकडे तोंड करून, शिक्षा झालेल्या विद्यार्थ्यासारखी उभी होती. मागच्या कोऱ्या बाजूवर लाल रंगात लिहिले होते : 'पाइन पॉइंट. विनंती थांबा.' लिहिणाऱ्याने खाली नाव टाकले नव्हते. त्याची गरजही नव्हती. झाडावर 'विनंती थांबा' लिहिण्याची कल्पना आमच्या पंचक्रोशीत एकाच माणसाला सुचू शकते, आणि त्या माणसाचे नाव गफार मुलाणी.

ही तक्रार मी येथे नोंदवून ठेवत आहे. मात्र गफारचाचा कोण हे ठाऊक नसलेल्या वाचकास ती क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे, म्हणून तक्रारीच्या पुष्ट्यर्थ त्यांचे थोडे चरित्र देणे मला भाग आहे. हे बन तोडावे की ठेवावे, याचा निर्णय सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत व्हावयाचा होता, हेही वाचकांनी आरंभीच ध्यानात ठेवावे. पाटी उलटली ती त्या सभेच्या तोंडावर.

गफारचाचा एसटीत वाहक होते. सारी नोकरी त्यांनी कळंब, येरमाळा, बार्शी, परंडा या रस्त्यांवर उभ्याने केली आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्या लक्षात आले की आपल्याला बसता येत नाही. घरात ते खुर्चीवर बसत नसत. चौकटीला टेकून उभे राहत आणि आल्यागेल्याला आत सरकायला सांगत. त्यांच्या पत्नी सकिनाबी यांनी काही महिने हे सोसले. मग एके दिवशी त्यांनी नवऱ्याला घराबाहेर काढले आणि सांगितले, "जावा, कुठं तरी माणसं भरा आणि उतरवून या."

चाचांनी हा आदेश अक्षरशः पाळला. आमच्या गावाखाली ओढ्याने काळा कातळ चिरून एक घळ केलेली आहे. पावसाळ्यात ओढा तिच्यातून गर्जत जातो, हिवाळ्यात डबक्याडबक्यांनी झिरपत राहतो. दोन्ही अंगांना उंच कडे, कपारीत मधाची पोळी, काठाने धावडा, सालई आणि बोरी. घळ संपते तेथून पायवाट माळावर चढते आणि सुरूच्या बनात येऊन थांबते. अलीकडे पुण्या-सोलापुराकडची मंडळी पाठीवर पिशव्या आणि पायात महाग बूट घालून असल्या वाटांच्या शोधात हिंडतात. त्यांतली काही येरमाळ्याला देवीच्या दर्शनाला आलेली असताना कोणाला तरी रस्ता विचारती झाली. तो कोणी तरी म्हणजे गफारचाचा निघाले, आणि आमची घळ मार्गस्थ झाली.

ते माणसे वाटेने नेतात असे म्हणणे अपुरे आहे. ते गाडी सोडतात. तिकिटाचा पंच महामंडळाला परत करावा लागला, त्याची जागा सकिनाबींच्या अडकित्त्याने घेतली आहे. अडकित्ता एकदा वाजला की सर्वांनी थांबायचे, दोनदा वाजला की निघायचे. घळीतल्या प्रत्येक वळणाला थांब्याचे नाव आहे. जेथे कडे जवळ येतात आणि आडवे होऊन निघावे लागते, ते 'बार्शी नाका'. जेथे डबक्यामुळे बूट काढावे लागतात, ते 'चहापाणी दहा मिनिटे'. मधल्या सपाट खडकावर ते सर्वांना ओळीने बसवतात आणि म्हणतात, "मागं सरका, मागं सरका, मागं सारी गाडी रिकामी हाय." त्या खडकाच्या टोकाला एक गुळगुळीत दगड आहे. त्यावर कोणास बसू देत नाहीत. तो आमदारांसाठी राखीव आहे. बार्शीच्या एका डॉक्टरांनी एकदा विचारले की आमदार येथे कशाला येतील. चाचा म्हणाले, "गाडीत तरी कुठं येत हुते, सायेब? पर सीट धरून ठिवायची. आले तर?"

मी वनस्पतिशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली आहे आणि आयुष्याची उमेदीची वर्षे तासिका तत्त्वावर शिकवण्यात घालवली आहेत. तासिका तत्त्व म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही ते भाग्यवान. शिकवत असताना घंटा झाली की निम्मे वाक्य फळ्यापाशी सोडून निघायचे आणि पुढच्या वर्षी आपणास बोलावतील की नाही, याची वाट उन्हाळाभर पाहायची. आता बोलावणेही थांबले आहे. मी तळदऱ्यात वडिलांच्या घरी राहते. वडील गौरीशंकर अप्पा गावात मानाचे, म्हणून चाचा मला ताई म्हणतात. या घळीला मी काही नावे सुचवली होती. 'शिलाद्वार', 'मधुकुहर' अशी. ती कोणी वापरत नाही. एकदा मीच चुकून 'बार्शी नाका' म्हणून गेले.

आता पाइनविषयी. पुण्याच्या एक बाई बनात आल्या. त्यांनी वर पाहिले. सुईसारखी हिरवाई पाहिली, खाली पडलेले लाकडी, खवल्याखवल्यांचे फळ उचलले, ते नाकाशी नेले आणि अत्यंत समाधानाने म्हणाल्या, "पाइन आहे हे. अगदी मनालीसारखं." गफारचाचा म्हणाले, "व्हय." एवढेच झाले. दुसऱ्या आठवड्यात मोबाइलवर आमच्या ओढ्याचे छायाचित्र फिरू लागले आणि त्याखाली मजकूर होता की मराठवाड्यात नदीची कॅनियन आणि पाइनचे जंगल एकाच वाटेवर पाहावयास मिळते. ओढ्याला नदी म्हटले ते मी पोटात घातले. घळीला कॅनियन म्हटले तेही घातले. पण सुरूला पाइन म्हणणे म्हणजे अळीला साप म्हणणे होय. म्हणून मी पत्रा आणला, रंग आणला आणि पाटी लावली.

बारा जानेवारीला ती उलटी दिसताच मी तडक मुलाण्यांच्या घरी गेले. चाचा चौकटीला टेकून उभे होते. सकिनाबी अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या.

"चाचा, पाटी तुम्ही उलटी केलीत?"

"बसा तर अगुदर, ताई. उभ्यानं प्रवास करू नये."

"मी विचारलं ते सांगा."

"उलटी कुठं केली? फिरवली. गाडी शेवटच्या थांब्याला पोचली की पाटी फिरवावीच लागती. जाताना कळंब-बार्शी, येताना बार्शी-कळंब. न्हाय फिरवली तर माणसं चुकीच्या गाडीत बसत्यात."

"तुम्ही लोकांना खोटं सांगताय. ते पाइन नाही."

"म्या कवा म्हणलं पाइन? प्याशिंजर म्हणलं. म्या व्हय म्हणलं." चाचांनी हात वर करून एक अदृश्य पाटी दाखवली. "प्रवाशाशी हुज्जत घालू नये. सारी नोकरी आमच्या साहेबांनी हेच शिकवलं. कुणी म्हणलं ही गाडी तुळजापूरला जाती, तर न्हाय म्हणायचं, म्हंजी त्यो येळंवर उतरंल. पर कुणी म्हणलं खिडकीतून लई झकास दिसतंय, तर व्हय म्हणायचं. तिथं काय जातंय आपलं?"

"ह्यांना म्या बी एकदा म्हणलं हुतं," सकिनाबी शेंगांतून मान वर न काढता म्हणाल्या, "तुमी लई शाणे हाव. तवा बी व्हयच म्हणले."

मी हसले नाही. मी त्यांना सांगितले की सत्य ही काही खिडकीतली शोभा नव्हे. तेव्हा चाचांनी प्रथमच चौकट सोडली आणि ते दोन पावले पुढे आले.

"ताई, तुमची पाटी कोण वाचतंय, ठावं हाय? प्याशिंजर न्हाय वाचत. रणधीर वाचून गेला."

रणधीर हे आमचे ग्रामपंचायत सदस्य. त्यांचा सेंट्रिंगचा धंदा आहे, म्हणजे घराचा स्लॅब टाकताना खाली टेकू म्हणून ज्या लांब सरळ बल्ल्या लावतात त्या ते पुरवतात. सुरूचा बुंधा लांब आणि सरळ असतो. गायरानावरचे बन तोडून त्या जागी काहीतरी विधायक करावे, असा ठराव त्यांनीच सभेपुढे ठेवला होता. विधायक म्हणजे काय, हे ठरावात नव्हते.

"बुंध्याबुंध्याला दोन्ही हातांचा कवळा मारून जाडी बघत हुता," चाचा म्हणाले. "म्या म्हणलं, काय करता? म्हणला, मॅडमनीच लिवलंय सुरू म्हणून. सुरू म्हणजी काय, बल्ल्याच की. ताई, सुरूचं काय करायचं ते त्याला ठावं हाय. पाइनचं काय करायचं, ते अजून त्याला उमगलं न्हाय. म्हणून पाटी फिरवली."

सकिनाबींनी शेंगांचे सूप बाजूस सारले. "ती झाडं म्या लावल्यात," त्या म्हणाल्या. "लगीन होऊन आले त्या वर्सी दुष्काळी काम निघालं. टेम्पोत रोपं आली. मुकादमाला बी नाव येत नव्हतं. म्हणला, लावा गुमान. ओढ्यातून घागरी वर न्हेल्या आमी बायांनी. ह्यांनी एक तांब्या घातला न्हाय. आन आता बुड्ढ्यानं पॉइंट काढलाय."

त्या हे रागाने बोलल्या, परंतु बोलून झाल्यावर बराच वेळ त्यांनी एकही शेंग फोडली नाही.

मी त्यांना स्पष्ट केले की बन राहावे असे मलाही वाटते, मात्र सभेत मला कोणी विचारले तर मी जे आहे तेच सांगेन. चाचा हुज्जत घालतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी घातली नाही. उलट अत्यंत नम्रपणे ते म्हणाले, "खरंच सांगा, ताई. पर सगळं सांगा. निम्मं सांगून बसू नका. तुमच्याएवढं ठावं असलेलं माणूस गावात दुसरं न्हाय."

वाचकहो, इतक्या वर्षांच्या अध्यापनानंतर मला हे वाक्य प्रथमच कोणी ऐकवत होते. मी ते आदर म्हणून घेतले. येथेच मी फसले.

सव्वीस जानेवारी हाही रविवारच होता. झेंडावंदन झाले, शाळेची मुले घरी गेली आणि ग्रामपंचायतीपुढच्या लिंबाखाली सभा बसली. सरपंच कमलबाई या समंजस, पण उपाशीपोटी सभा चालवण्याविषयी त्यांचे मत चांगले नाही. सव्वीस जानेवारीला आमच्याकडे जिलेबी खाल्ल्याखेरीज प्रजासत्ताक पुरते होत नाही, हे धाराशिवच्या वाचकांना सांगावयास नको. धोंडप्पा आचाऱ्याची कढई दरवर्षी वेशीजवळ लागते. त्या दिवशी ती ग्रामपंचायतीच्या भिंतीला चिकटून लागली होती. मला तेव्हा त्यात काही वावगे दिसले नाही. वाऱ्याची दिशा मी पाहिली नव्हती. गफारचाचांनी पाहिली होती.

बनाचा विषय येताच रणधीर उठले आणि त्यांनी मोठ्या अदबीने माझे नाव घेतले. "आपल्या गावात शिकलेलं माणूस असताना आपण कशाला वाद घालायचा? मॅडम सांगतील ते झाड कोणतं हाय. पाइन हाय का सुरू हाय, एका शब्दात."

मी उभी राहिले. तेवढ्यात ओढ्याच्या अंगाने अडकित्ता वाजला, एकदा. गफारचाचा सोलापूरच्या मंडळींचा एक मोठा घोळका घेऊन सभेत शिरले. "विनंती थांबा," ते म्हणाले. "मागं सरका. बाया अगुदर बसतील. टोप्या काढा, मागच्याला दिसत न्हाय." मंडळी घळ चालून आलेली, चिखलाने माखलेली, आणि वाहकाच्या आज्ञेत मुरलेली. ती ओळीने जमिनीवर बसली आणि माझ्याकडे पाहू लागली.

"ते झाड सुरू आहे," मी म्हणाले.

"झालं," रणधीर म्हणाले.

"पाइन अजिबात नाही?" एका सोलापूरकर तरुणीने खिन्न होऊन विचारले.

"अजिबात नाही."

"ताई," चाचांनी मागून हात वर केला, "मग पाइनची आन ह्याची पानं सारखी कशी?"

हा प्रश्न योग्य होता. तो चुकीचा असल्यामुळे अधिकच योग्य होता. मी सांगितले की तुम्ही ज्यास पान म्हणता ते पान नव्हेच, ती हिरवी कोवळी काडी आहे. पाने तिच्या पेरापेरांवर बारीक दातांसारखी चिकटलेली असतात. कोणीतरी एक डहाळी आणून दिली. ती बहुधा तयारच ठेवली होती. मी काडी पेराशी ओढून तोडली आणि पुन्हा तशीच जोडून दाखवली. पुढच्या रांगेतील म्हातारी मंडळी वाकली.

"आन ते फळ? ते तर पाइनवानीच हाय."

मी फळ समजावले. मग फूल समजावले. पाइनचे बी उघडे असते आणि सुरूचे झाकलेले, त्यामुळे खरे पाहता सुरू हा पाइनपेक्षा आपल्या आंब्याला नात्याने जवळचा, असे मी म्हणाले तेव्हा सभेत एकदम चुळबुळ झाली.

"म्हंजी आंब्याची पाव्हणी?" चाचांनी विचारले.

"दूरची."

"दूरची का हुईना. पाव्हणीला कोण तोडतंय?"

रणधीर म्हणाले की मॅडमचे उत्तर मिळाले आहे, आता मतदान घ्यावे. मी त्यांना थांबवले. मला येथे कबूल केले पाहिजे की मी त्यांना हाताने थांबवले, जसे वर्गात मध्येच बोलणाऱ्यास थांबवतात. मुळांविषयी सांगावयाचे राहिले होते. सुरूच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या गाठींतले सूक्ष्म जीव हवेतला नत्र जमिनीत आणतात, म्हणून हे झाड मुरमातही तग धरते. मग ते मूळचे दूरच्या समुद्रकाठचे असून बालाघाटाच्या माळावर सकिनाबींच्या घागरीपर्यंत कसे आले असावे, याचा मी आढावा घेतला. प्रत्येक वेळी मी संपवत आहे असे वाटताच मागून चाचांचा हात वर होई. ऊन लिंबाच्या या बाजूचे त्या बाजूला गेले. घंटा झाली नाही. आयुष्यात प्रथमच घंटा झाली नाही.

मी परागीभवनावर आले तेव्हा भिंतीआडून जिलेबीचा पहिला घाणा निघाला.

तो वास सभेवरून कसा गेला हे शास्त्रीय भाषेत सांगणे अवघड आहे. प्रथम मागची तरुण मंडळी उठली. मग कडेची. मग, अत्यंत सन्मानपूर्वक, धोतर सावरीत पुढची रांग. रणधीरांनी त्यांना अडवण्याचा प्रयत्न केला, परंतु त्यांचेच सख्खे चुलते त्यांना म्हणाले, "रण्या, गार झाल्यावर काय मजा?" अखेर लिंबाखाली कमलबाई, रणधीर, सोलापूरची मंडळी आणि मी उरलो. सोलापूरची मंडळी उठली नाही, कारण अडकित्ता वाजला नव्हता.

"मॅडम," कमलबाई म्हणाल्या, "लई चांगलं सांगितलं. माझ्या बापानं कवा सांगितलं न्हवतं. पर मत द्यायला माणसं कुठं हायती?"

"परत बोलवा," रणधीर म्हणाले.

"जिलबीवरनं उठवून? मला पुढच्या निवडणुकीला उभं राहायचंय." त्यांनी पदर सावरला. "एक मेच्या सभेत घिऊ. तंवर बघू. वाटंनं माणसं येत राहिली तर बन राहू द्या, गावाला कायतरी शोभा हाय. न्हाय आली तर तुमच्या बल्ल्या तुमी न्या."

अडकित्ता दोनदा वाजला. मंडळी उठली. त्या तरुणीने माझ्याजवळ येऊन विचारले की पाइन नसून पाइनची इतकी हुबेहूब नक्कल करणारे झाड आणखी कोठे पाहावयास मिळेल का. मी काही बोलण्याआधीच चाचा म्हणाले, "व्हय."

संध्याकाळी मी सकिनाबींकडे गेले. कढई भिंतीशी कोणी लावली, डहाळी कोणी तोडून ठेवली, हे सारे मला आता उमगत होते. मी विचारले. त्यांनी लपवले नाही.

"म्हणत हुते, ताईंना आजवर कुणी पुरता तास दिला न्हाय. एकदा दिला की कुणाच्या बापाला थांबवता यायचं न्हाय. रणधीर एक शब्द मागंल, आमी सगळं मागू." मग पानाच्या डब्यातून अडकित्ता काढत त्या पुढे म्हणाल्या, "चिडू नका. सारं खरंच बोललाव की तुमी."

ही माझी खरी तक्रार आहे. पाटीची तक्रार त्यापुढे किरकोळ. एका निवृत्त वाहकाने माझ्या ज्ञानाचा, माझ्या सचोटीचा आणि माझ्या अपुऱ्या राहिलेल्या सर्व तासांचा उपयोग वेळ काढण्यासाठी केला, आणि त्यात मी एकही असत्य शब्द उच्चारला नसल्याने मला कोठे दाद मागण्याचीही सोय ठेवली नाही.

पाटी मी पुन्हा सुलटी केली आहे आणि चारही कोपरे स्क्रूने आवळले आहेत. चाचांनी ती तारेवर टांगावी, म्हणजे जाताना सुरू आणि येताना पाइन वाचता येईल, अशी सूचना केली. ती मी फेटाळली. त्यानंतरच्या रविवारी त्यांनी मला घळीत बोलावले आणि बसण्यासाठी आमदारांचा दगड पुसून दिला. मी बसले नाही. थोडी टेकले, कारण ऊन होते. समोर बार्शीकडची मंडळी ओळीने बसली होती. चाचा म्हणाले, "विचारा, काय विचारायचं ते. आज घंटा न्हाय."

मंडळी येत आहेत, परंतु थंडी सरली की संख्या घटते. उन्हाळ्यात घळ कोरडी पडते आणि कातळ तापतो, तेव्हा येरमाळ्याचे दर्शन करून लोक परस्पर निघून जातात. रणधीर अधूनमधून बनात चक्कर मारतात. ते आता कोणास काही विचारत नाहीत, नुसते बुंध्यावर हात ठेवून पाहतात. सकिनाबी त्यांना लांबून पाहतात.

म्हणून माझी वाचकांस मागणी आहे. एक मेच्या आत, कोणत्याही एका रविवारी, तळदऱ्याला या. फाट्यावर उतरा, घळ चालून माळावर चढा आणि बनात थांबा. आणि त्या झाडास सुरू म्हणा. गफारचाचांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणा.